चिमणीएवढं पिणाऱ्या अकरा गाड्या

नोबुएसानची गाडी पेट्रोल पीत नव्हती, नुसता वास घेत होती. एकदा म्हणे टाकी भरून ती समुद्रकाठी खेकडे आणायला गेली आणि परत आली, तर काटा खाली जायचं सोडून केसभर वर चढलेला! हे नोबुएसान शपथेवर सांगायची. आणि आवाज? एकदा वळणावर एक कोल्हा रस्त्यात आडवा झोपला होता. गाडी नाकाशी येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता नाही. शेवटी नोबुएसानलाच खाली उतरून "माफ करा हं, जरा सरकता का?" असं म्हणावं लागलं.

अशा हायब्रिड गाड्या जपानातल्या कामिओसे गावात अकरा होत्या, अकराही बायकांच्या. गाव डोंगरात, माणसं सत्तरीपुढची, आणि निम्म्या गावाचं आडनाव मोरिवाकी, म्हणून सगळ्यांना नावानंच हाक, मागे मानाचं 'सान' लावून.

नोबुएसानच्या गाडीला पंधरा वर्षं झाली होती. सरकारी तपासणी तोंडावर आलेली, बॅटरी म्हातारी झालेली. आता जुनीत पैसे घालण्यापेक्षा नवी घेतलेली बरी. म्हणून जानेवारीत गाड्या विकणारा इनादा आला. हातात नव्या वर्षाचं कॅलेंडर आणि कागदी रुमालाचे पाच डबे. बूट काढून आत येऊन बसला आणि त्यानं एक कागद पुढे सरकवला.

"नोबुएसान, फार त्रास देत नाही. एवढी एक खूण करा."

कागदावर प्रश्न होता: पुढची गाडी पुन्हा हायब्रिडच घ्याल का? खाली तीन चौकटी. हो. नाही. सांगता येत नाही.

नोबुएसानची पेन्सिल आपसूक 'हो'कडे झुकली. तिनं ती ओढून आणली आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली.

इनादानं कपाळाला हात लावला. "तुम्हीसुद्धा? अकरा घरं फिरलो मी. अकराही जणांना सांगता येत नाही! आमचे साहेब विचारतात, त्या गावात गाड्यांना भूतबाधा झालीय का?"

"छे हो. गाडी सोन्यासारखी आहे."

"मग पुन्हा तीच घ्या की!"

"चहा घ्या तुम्ही आधी. गार होतोय."

इनादा चहा प्यायला, चार वेळा वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याला बिचाऱ्याला काय सांगणार? अडचण गाडीत नव्हतीच. अडचण होती तोकुजीसानच्या पंपात.

गावात पेट्रोलचा पंप एकच. दुसरा खाली शहरात, तीस किलोमीटरवर. पूर्वी लाकडं वाहणारे ट्रक यायचे, म्हशी पाण्यावर येतात तसे, आणि घटाघटा पिऊन जायचे. मग ट्रक गेले, आणि या चिमण्या आल्या. पंप वर्षागणिक वाळत चालला. तो बंद पडला की हिवाळ्यात शेगड्यांना रॉकेल कोण आणून देणार? आणि तोकुजीसानचं काय? वडिलांपासूनचा धंदा! जिला विचाराल तिला मनातून वाटायचं की मी कमी पिणारी गाडी घेतली, म्हणून पंप मरतोय. पण बोलायचं कुणी नाही. कामिओसेत मनातलं तोंडावर बोलणं म्हणजे बूट घालून दुसऱ्याच्या घरात शिरणं.

मग नोबुएसाननं आपल्या परीनं उपाय चालवला होता. विनाकारण गाडी काढायची, खिंडीपर्यंत चढवायची, खाली आणायची, पुन्हा चढवायची. हीटर चालू, काचा उघड्या. पण मेली ती गाडी! उतारावर आपली आपण बॅटरी भरून घ्यायची आणि चढावर पुन्हा पेट्रोल वाचवायची. एकदा खिंडीत समोर हात्सुयोची गाडी उभी. हात्सुयो म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"तू इथे कशाला गं?" नोबुएसाननं विचारलं.

"चेरीची फुलं बघायला."

"जानेवारीत?"

"कळ्या बघतेय. तू?"

"मीपण कळ्याच."

दोघी बर्फात उभ्या उभ्या बोडक्या झाडांकडे बघत राहिल्या. मग काचा उघड्याच ठेवून आपापल्या वाटेनं गेल्या.

सोमवारी नोबुएसान नेहमीसारखी पंपावर गेली. तोकुजीसान एकोणऐंशीचे. टोपी सरळ करत, एक पाय ओढत बाहेर आले. गुडघा दुखत होता, पण चेहरा हसरा. त्यांनी पेट्रोल सोडलं, काच पुसली, आरसे पुसले, आणि दिव्यांवरचा बर्फसुद्धा झटकला.

"तीन लिटर झाले," ते म्हणाले. "नोबुएसान, परवा खिडकीत चिमणी आली होती. तीसुद्धा याहून जास्त प्यायली."

"अहो, तुम्ही आहात म्हणून आमचं चाललंय."

"आणि तुम्ही अकरा जणी आहात म्हणून मी आहे." तोकुजीसाननं फडकं पिळलं. "तपासणीवाले येऊन गेले. जमिनीखालची टाकी जुनी झालीय, मार्चअखेर बदला नाहीतर बंद करा म्हणाले. शुक्रवारी कंत्राटदार येतोय. सही करून टाकतो."

"फार खर्च असेल ना?"

"आयुष्यभराचं साठवलेलं कशासाठी असतं?" ते हसले. पण गुडघ्यावरचा हात काही निघाला नाही.

घरी येऊन नोबुएसान जेवली नाही. एक माणूस सगळी पुंजी आपल्यासाठी जमिनीत पुरणार आणि आपण सोमवारी तीन लिटर भरणार? तिनं इनादाला फोन लावला.

"इनादासान, मला साधी पेट्रोलची गाडी हवी. चांगली अधाशी."

"नोबुएसान, माझ्या नोकरीत असं कुणी मागितलं नव्हतं. म्हणजे... मागच्या आठवड्यापर्यंत." तो घुटमळला. "गुरुवारी दिवस शुभ आहे. कागद तयार ठेवतो."

बुधवारी सकाळी तिनं मागच्या अंगणात जाऊन गाडीच्या टपावरचा बर्फ काढला. पंधरा वर्षं. नवऱ्याला दवाखान्यात नेलं ते हिच्यातूनच. इतकी अलगद चालायची की तो वाटेत झोपून जायचा आणि जाग आली की विचारायचा, "निघालो का आपण?" तशी शांत गाडी पुन्हा मिळाली असती, पण आता नाही घ्यायची. तिनं डोळे पुसले, दोन जाडजूड मुळे पिशवीत घातले आणि चालत पंपावर गेली. उद्या गाडीच्या कागदांवर सही करायच्या आधी तोकुजीसानला ही खूशखबर आपल्याच तोंडानं द्यायची होती.

तोकुजीसान शेगडीशी बसले होते. तिनं मुळे दिले, हवापाण्याचं बोलली, आणि मग म्हणाली, "मी नवी गाडी घेतेय. हायब्रिड नाही, साधी. दर सोमवारी तीस लिटर लागेल, बघा!"

तिला वाटलं होतं, म्हातारा उठून नाचेल. तोकुजीसाननं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखा चेहरा.

"माझ्यासाठी?"

"छे! मला आपली जरा आवाजाची गाडी हवी होती. हल्ली ऐकू कमी येतं."

"नोबुएसान, परवा माझ्या हातातून नाणं पडलं, तर ते किती येनचं होतं ते तुम्ही रस्त्यापलीकडून सांगितलं होतं."

नोबुएसाननं रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली. मग तोकुजीसान उठले. "या," म्हणाले, आणि लंगडत मागच्या शेडकडे निघाले. शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होतं. बर्फ हटवायचं यंत्र, असं सगळं गाव समजत होतं. त्यांनी कोपरा धरून ताडपत्री ओढली.

खाली फिक्या हिरव्या रंगाची हायब्रिड गाडी. आरशासारखी लख्ख.

"ही कुणाची?" नोबुएसाननं विचारलं.

"माझी. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि गावात कुणाला ऐकू कसं नाही आलं?"

"तीच तर खुबी आहे तिची." तोकुजीसानचे कान लाल झाले होते. "मुलीकडे लांब मात्सुए शहरात जाऊन येतो, रविवारी पहाटे. जाऊन-येऊन टाकी निम्मी उरते. पेट्रोल विकणाऱ्यानं अशी गाडी घ्यायची! तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून झाकून ठेवली."

नोबुएसाननं दार उघडून आत डोकावलं. "जागा बरी आहे. पुढची घ्याल तर हीच घ्याल?"

"डोळे मिटून."

"मग टाकी कशाला बदलताय हो?" हे तिच्या तोंडून निघूनच गेलं. अख्ख्या आयुष्यात तिनं कुणाला असं सरळ विचारलं नव्हतं. तीच दचकली.

तोकुजीसान गाडीच्या उघड्या दारात टेकले. "बदलायची नाहीये मला. मुलीनं खालची खोली रिकामी ठेवलीय. गुडघ्याला बर्फ सोसत नाही. पण तुम्ही दर सोमवारी येता. तीन लिटरसाठी! म्हणता, तुम्ही आहात म्हणून चाललंय. मग मी कसा जाऊ?"

"अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून येते मी! खिंडीत चार-चार फेऱ्या मारते, काचा उघड्या टाकून! सर्दी जात नाही माझी!"

"तरीच. मला वाटलं, या वयात कुणाच्या प्रेमात पडलात."

ती इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर तिनं विचारलं, "रॉकेलचं काय करायचं?"

शेतकरी सोसायटीची टँकरगाडी शेजारच्या गावापर्यंत यायचीच. अर्ज केला की इथंही येईल. तो अर्ज तोकुजीसाननं पानगळीतच भरला होता. नंतर तो खणात घालून खण बंद केला होता. नोबुएसाननं तो काढायला लावला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. तीस किलोमीटरवरचं शहर काही लांब नव्हतं. दवाखान्याला आठवड्यातून एकदा जाणं होतंच, आणि एकदा भरलं की या गाडीला महिनाभर तहान लागत नाही.

गुरुवारी शुभ दिवशी तिनं इनादाला सांगितलं, "पुन्हा हायब्रिड. आणि तो कागद आणा, मला सांगता येतंय." शुक्रवारी कंत्राटदार चहा पिऊन परत गेला.

मग ती घरोघर हिंडली. नऊ घरांत तीच गत निघाली. कुणी अधाशी गाडीची चौकशी केली होती, कुणी रात्रभर पेट्रोल जाळायचं म्हणून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली होती. सगळ्या हसल्या, थोड्या रडल्या, आणि 'हो'वर खुणा केल्या. दहावं घर हात्सुयोचं. ती हसली नाही.

"मी सही करून बसलेय," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात. साधं पेट्रोल, आठ जणांची. लिटरला सहा किलोमीटर."

"अगं, एकट्या बाईला आठ जणांची?"

"सगळ्यात जास्त कोणती पिते, असं विचारलं मी त्याला. तो पोरगा घाबरला." तिनं पदराशी खेळावं तसा ॲप्रनचा बंद बोटाला गुंडाळला. "म्हणजे गावात मी एकटीच मूर्ख."

"मूर्ख नाही गं. तू एकटीच वेळेवर."

मार्चच्या शेवटच्या दिवशी पंपावर गाड्यांची रांग लागली. अशी रांग ट्रकांच्या काळानंतर पहिलीच. पण दर सोमवारी इमानानं येऊन येऊन सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ. एकीत दीड लिटर मावलं, एकीत एक. नोबुएसानच्या नव्या गाडीत पाऊण लिटर गेलं आणि नळी खट्कन बंद पडली. तोकुजीसाननं तरी प्रत्येकीची काच पुसली आणि वाकून आभार मानले.

सगळ्यात शेवटी रस्ता दणाणत हात्सुयो आली. एवढीशी बाई, चाकामागे नुसते केस दिसत होते. काटा तळाला टेकलेला.

"किती घालू, हात्सुयोसान?" तोकुजीसाननं विचारलं.

"मावेल तेवढं. आणि उरलं तर या दोन डब्यांत."

पन्नास झाले, साठ झाले, सत्तरला आकडे थांबले. दहा जणी रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. म्हातारा नळी दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि गुडघ्याचं त्याला भानच नव्हतं.

"चला गं," हात्सुयो काच खाली करून ओरडली. "सात जागा आहेत. समुद्रापर्यंत जाऊन हे सगळं पेट्रोल जाळून येऊ!"