इलाबाईंचा थांबणारा हात

मंगळवारी दुपारी इलाबाईंनी एक अख्खा नाच बुडवला, आणि तोही इतका हळूहळू की बुडतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजच्या जिममध्ये स्कॉटिश कंट्री डान्सिंगची उन्हाळी शाळा भरली होती. शिकवणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे एकाच होस्टेलात राहायचे. तिथे शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या इलाबाईंचं काय काम, असं कुणीही विचारेल. बहिणीने तर फोनवर विचारलंच होतं, "अगं, गुडघे बरे आहेत ना तुझे?" पण इलाबाई नाचत नव्हत्या, अ‍ॅकॉर्डियन वाजवत होत्या. लॅबमधून रिटायर झाल्या तेव्हा गावातल्या नाचाच्या क्लबला वाजवणारं माणूस हवं होतं. उजव्या हाताला पट्ट्या, डाव्या हाताने भाता. "म्हणजे उभी पेटीच की!" म्हणत त्यांनी ती गळ्यात अडकवली.

पेटीवर त्यांचा हात जुनाच. नवरा, दिगंबरराव, नाट्यपदं गायचे आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी साथीला इलाबाई. दिगंबररावांचा गळा गोड, पण तालाशी त्यांचं फारसं पटायचं नाही. तान घेतली की गृहस्थ हरवलेच म्हणून समजा. मग इलाबाई एखादा सूर लांबवायच्या, तबलजीला डोळ्यांनी दटावायच्या आणि नवऱ्याला अलगद समेवर आणून सोडायच्या. टाळ्या पडायच्या, दिगंबररावांना वाटायचं आपण मैफल मारली. आपल्याला सांभाळून घेतात हे त्यांना कळू नये, याची इलाबाईंनी जन्मभर काळजी घेतली.

तीच सवय इथे नडली. नाच संथ चालीचा होता. नाचणारे जरा मागे पडले म्हणून इलाबाईंनी हात सैल सोडला. हात सैल पडला म्हणून नाचणारे आणखी मागे पडले. मग इलाबाई आणखी थांबल्या. शेवटी एक आजोबा एक पाय हवेत धरून, आता हा टेकवू का नको, अशा चेहऱ्याने उभे राहिले, आणि बाई बिचाऱ्या त्यांच्याकडे बघत एकच सूर धरून बसल्या.

वादकांचा म्होरक्या कॅलम, पांढऱ्या दाढीचा फिडलवाला, चहाच्या वेळी शेजारी येऊन बसला. "इला, तू त्यांची वाट बघतेस आणि ते तुझी वाट बघतात," तो म्हणाला. "अशाने कुणीच घरी पोचायचं नाही. इथे नाचणारे वाजवणाऱ्याच्या मागे जातात."

माणूस प्रेमाने बोलला, पण इलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण शुक्रवारी अंतराची परीक्षा होती आणि तिथे वाजवायचं होतं इलाबाईंनाच.

अंतरा नागपूरची पोरगी, शिकागोत पीएचडी करत होती आणि त्याच क्लबात नाचायची. तिला नाचाची शिक्षिका व्हायचं होतं. त्याची परीक्षा अशी, की समोर दोन परीक्षक, मधे नाचायला आलेली माणसं, शेजारी एक वादक, आणि या सगळ्यांना घेऊन एक नवा नाच शिकवून दाखवायचा. गेल्या वर्षी मधेच कुणीतरी चुकलं, अंतराची वाचाच बसली आणि ती नापास झाली. आता दूर अ‍ॅशबर्न गावी नोकरी लागली होती, तिथला क्लब शिक्षकाची वाट बघत होता, पण प्रमाणपत्राशिवाय घेणार नव्हता.

"तू कॅलमला घे बाई," इलाबाई म्हणाल्या. "मी तुझं वाटोळं करीन."

"इलामावशी, तुम्हीच वाजवायचं. तुम्ही शेजारी असलात की मला भीती कमी वाटते यार!"

मग पुढचे दोन दिवस इलाबाई जिमच्या मागच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून वाजवत राहिल्या. भिंतीसाठी थांबावंसं वाटत नाही, हा त्यातला फायदा.

शुक्रवारी सकाळी जिममध्ये पंखे घरघरत होते. अंतराने पावलं शिकवली, वळणं चालवून घेतली. सगळं नीट समजावलं हो पोरीने! मग ती इलाबाईंकडे वळून म्हणाली, "रेडी, अँड..." इलाबाईंनी रिवाजाप्रमाणे पहिला भरघोस सूर दिला, समोरासमोरच्या रांगांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि नाच सुरू झाला.

अर्धा नाच झकास झाला. मग तिघांनी एकमेकांभोवती वेणी घालत फिरायचं होतं, तिथे एक उंच गृहस्थ भलत्याच खांद्यावरून वळले. दुसरी बाई त्यांच्यावर आदळली, तिसरा गोल फिरून जागच्या जागीच. नुसता गुंता! अंतराने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिचा हात वर गेला, थांबा म्हणायला.

इलाबाईंचा डावा हात आपोआप सैल पडायला लागला. थांब, त्यांना सावरून घे, असं जुनं मन सांगत होतं. पण या वेळी त्यांनी भाता घट्ट आवळला, चाल तसूभर ढळू दिली नाही. ओळ संपून पुढची सुरू होते तिथे मात्र त्यांनी मान जोरात हलवली आणि पहिला ठोका असा दणदणीत दिला, की मंडळाचा तबलजीसुद्धा मागे वळून बघेल. सम दिली त्यांनी, सरळ सम!

आणि काय आश्चर्य! समेचं नावही न ऐकलेली ती माणसं त्या ठोक्याबरोबर आपापल्या जागी उडी मारून उभी राहिली. पुढचं वळण आलं तेव्हा रांग पुन्हा सरळ. अंतराचा हात खाली आला, आवाज फुटला, "पहिली जोडी, मधून खाली!" शेवटच्या सुरावर सगळे वाकले, आणि ते उंच गृहस्थ जरा जास्तच वाकले.

जेवणाआधी निकाल लागला. अंतरा पास! तिने इलाबाईंना अ‍ॅकॉर्डियनसकट मिठी मारली. "मावशी, मी नाच कॅन्सलच करणार होते. पण तुमची मान हलली, आणि म्हटलं, बाई थांबत नाहीयेत, म्हणजे सगळं ठीक असणार."

इलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मंगळवारनंतर पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या आणि बाहेर बाकावर बसून त्यांनी घरी फोन लावला. सगळं रंगवून सांगितलं.

"अहो, मी थांबलेच नाही!"

पलीकडून दिगंबरराव हळूच म्हणाले, "म्हणजे गणपतीतही थांबणार नाहीस का गं आता?"

इलाबाई चपापल्या. "तुम्हाला... माहीत होतं?"

"वेडी का खुळी तू? ताल चुकला की माणसाला कळतं गं. पण तू थांबशील हे माहीत होतं, म्हणून तर बिनधास्त तान घ्यायचो."

इतकी वर्षं जपलेलं गुपित ते काय, आणि ते दोघांकडेही होतं! इलाबाईंना हसू आलं, त्यातच डोळे भरले आणि पदर नाही म्हणून त्यांनी टी-शर्टच्या बाहीनेच पुसले.

"थांबेन," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी थांबेन. पण सम मी जोरात देणार, आत्ताच सांगून ठेवते."

"दे बाई, जोरातच दे," दिगंबरराव म्हणाले. "हल्ली ऐकूही कमी यायला लागलंय मला."