मामींचा टोप

मी एक जुना टोप आहे. नट डोक्यावर चढवतात तो, केसांचा, मागे अंबाडा घातलेला. मित्रांनो, मला हसू नका. हसणाऱ्यांचा मला वीट आला आहे.

माझ्या कारागिराने जाळीवर एकेक केस सुईने गुंफला. हा राणीच्या डोक्यावर शोभेल, असे तो म्हणाला होता. मी जाऊन पडलो टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात, मामींच्या डोक्यावर. मामी म्हणजे आमचा नट. त्याला स्वतःचे केस फारसे नव्हते, पण अंगात कला होती. मान जराशी वळवून तो असे काही "अगंबाई" म्हणे, की कॅमेरावालासुद्धा तोंड दाबून हसे.

बाकी सगळा आनंदच होता. लेखकाला कधी शेवट सुचत नसे. विनोद पडू लागला की साहेबांचा, म्हणजे निर्मात्यांचा, एकच तोडगा: टोप ओढा. मग मामींचा नवरा झालेला ढोल्या नट मला खसकन उपटी, खालचे टक्कल चमके आणि प्रेक्षक हसून लोळत. प्रत्येक भागात तेच, तरी पुढच्या भागात पुन्हा लोळत. असल्या डोक्यांवर मला बसावे लागले नाही, हे माझे नशीब. साहेबांना बक्षिसे मिळाली, मला उवांचे औषध.

एकदा मुलाखतीत नटाने सरळ सांगून टाकले, की आपण समलिंगी आहोत आणि लोक ज्यांना आपला आतेभाऊ समजतात, त्या दातांच्या डॉक्टरांबरोबर आपला संसार आहे. झाले. कालपर्यंत गळ्यात गळा घालणारे चार हात लांब बसू लागले. साहेबांना मात्र त्यात नवा विनोद दिसला. मामी दात दाखवायला जाणार, ढोल्या डॉक्टर होऊन लाडात येणार आणि शेवटी, अर्थातच, टोप.

"मला काय म्हणायचं ते म्हणा," नट म्हणाला. "त्याची टिंगल नको."

"गंमत आहे रे, मनावर काय घेतोस? नसेल जमत तर सांग. मामी काय, कुणीही करेल."

मेकअपच्या खोलीत येऊन नटाने मिशा चिकटवायचा डिंक घेतला आणि माझी सगळी कड डोक्याला पक्की चिकटवली.

प्रेक्षकांसमोर ढोल्याने मला ओढले. मी निघालो नाही. त्याने दोन्ही हात लावले. नटाच्या डोळ्यांत पाणी आले, पण मी जागचा हललो नाही. ढोल्याला घाम फुटला, कारण यापुढचे वाक्य कुणी लिहिलेच नव्हते. मग मामींचा आवाज सोडून नट स्वतःच्या आवाजात म्हणाला, "टोप काही निघत नाही. आता विनोद करून दाखव."

सभागृह हसले, आणि पहिल्यांदाच ढोल्याला हसले. नट तसाच, माझ्यासकट, घरी निघून आला. त्याची नोकरी तिथेच संपली.

घरी डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवले. कोमट तेलात कापूस बुडवून ते माझी कड थोडीथोडी सोडवू लागले.

"दुखतंय?"

"थोडं."

"मग थांबू या जरा."

कातडी सोलली होती तिथे त्यांनी फुंकर घातली. मला इतक्या हळुवारपणे कुणीच उतरवले नव्हते.

मित्रांनो, माझे निम्मे केस त्या ओढाताणीत गेले. आता मी कुणाच्या कामाचा नाही. तुमच्याकडून फार अपेक्षाही नाही. कुणाच्या डोक्याला हात लावायचा झाला, तर आधी दुखतंय का ते विचारा. तेवढेही जमत नसेल, तर हात आपल्या खिशात ठेवा.