थांबा हो, काढतोय!

मी कॅमेरा बोलतोय. बोलायला उशीर झाला, पण मला सगळ्यालाच उशीर होतो. बटण दाबलं की मी आधी "टिक" म्हणतो. मग जवळचं बघतो, लांबचं बघतो, विचार करतो आणि सावकाश फोटो काढतो. तोवर फांदीवरचं पाखरू उडून गेलेलं असतं. फांदी मात्र फार छान येते.

मी मंद आहे हे कारखान्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. ते दुकानात कळलं. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर चटपटीत मंडळी आणि खाली मी. गिऱ्हाईक यायचं, मला दाबायचं, "हा झोपलाय काय?" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. माणसांची गंमत वाटायची मला. जायचं असतं डोंगरदऱ्यांत, पण कॅमेरा पारखतात दुकानदाराच्या नाकावर! त्या नाकाला सर्दी कधी झाली, हेसुद्धा मी सांगू शकेन.

एका दुपारी दोन जावा आल्या. थोरली एका हॉटेलच्या धोबीखान्यात वाफेच्या इस्त्रीवर काम करणारी, हातानं भक्कम, तोंडानं तिखट. धाकटी शिवणकाम करणारी, आरसा दिसला की थांबणारी. नवऱ्यांना घरी ठेवून दोघी जन्मात पहिल्यांदा फिरायला निघाल्या होत्या.

"किती मेगापिक्सेलचा दाखवू, मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"ते तुझं तुझ्यापाशी ठेव. माझे डोळे उघडे येतील असा दे."

धाकटी फिसकन हसली. "अहो, लग्नापासून एकाही फोटोत आमच्या जाऊबाई जाग्या नाहीत!"

"हस, हस. आमचे हे पण तेच म्हणाले. तू फिरून आलीस तरी फोटोत झोपलेलीच दिसणार, मग जातेस कशाला? आता जागा फोटो नेऊन त्यांच्या नाकासमोर धरते की नाही बघ!"

दुकानदारानं वरची सगळी फळी उतरवली. टिक, डोळे मिटलेले. टिक, डोळे मिटलेले. बाईंचा काही दोष नव्हता. इस्त्रीचा दांडा टिक करून बसला की वाफेचा लोट तोंडावर येतो, म्हणून वर्षानुवर्षं टिक ऐकलं की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. आणि ती चटपटीत मंडळी नेमकी तेव्हाच फोटो काढून मोकळी!

शेवटी दुकानदारानं कंटाळून मला उचललं. मी टिक म्हटलं. बाईंनी डोळे मिटले. मी विचार करत बसलो. काहीच होईना, म्हणून त्यांनी डोळे वटारून विचारलं, "झालं का रे?"

आणि झालं!

पडद्यावर टपोरे, उघडे, रागीट डोळे. बाई बघतच राहिल्या. "अगं, माझे डोळे चांगले आहेत की!"

"हा जरा सावकाश चालतो, मावशी," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"चालू दे. बांध!"

मग काय विचारता! पूल, धबधबा, बसची खिडकी, जिकडेतिकडे थोरली टक्क जागी. फजिती झाली ती धाकटीची. ती टिकला गोड हसायची, मी विचार करेपर्यंत तिचं हसू विरघळायचं. फोटोत बघावं तर बाई भांडायला उभी.

समुद्रावर पोचल्यावर तिचा पारा चढला. "जाऊबाई, परत गेल्यावर हा बदलायचा. दुकानदार देतो म्हणालाय. सगळ्यांचे कसे पटकन निघतात!"

माझं भिंग गार पडलं.

"मला कशाला गं पटकन?" थोरली म्हणाली. "घराबाहेर पडायला अर्धं आयुष्य थांबले. फोटोला घटकाभर थांबले तर काय झिजेन? तू टिक झाल्यावर हसायला लाग. तेवढं जमव."

तिनं मला एका फुगेवाल्याच्या हातात दिलं. दोघी पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. टिक. मी विचार करू लागलो.

"दाबलं का, भाऊ?"

"दाबलंय ताई, पण हा..."

तेवढ्यात मागून लाट आली आणि दोघींना कमरेपर्यंत झोडपून गेली. "अगं बाई!" म्हणून दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, डोळे मोठे, तोंडं उघडी, हसू मावेना. मी तेव्हाच काढला!

फोटो बघून धाकटी वाळूत बसकण मारून हसली. बदलायचं नाव पुन्हा निघालं नाही.

थोरली डोळे पुसत म्हणाली, "मी मेले की भिंतीवर हाच लावा. पण घाई करू नका, उद्या डोंगर बघायचाय."

आता मी तिच्या पिशवीत, ओल्या साडीत गुंडाळलेला आहे. दातांत वाळू आहे, पोटात दोघींचं हसू आहे. बाबांनो, मला दाबलंत तर जरा उभे राहा. चालू लागू नका. मी काढतोय.