आपल्या पूर्वजांचे अन्न

वाटीसोबत आलेल्या पत्रकावर 'आपल्या पूर्वजांचे अन्न' असे ठसठशीत छापले होते. आहाराचा इतिहास शिकवण्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या प्राध्यापिकेची नजर पहिल्याच शब्दावर अडकली. आपल्या म्हणजे नेमके कोणाच्या?

वाटीत काळ्या भरड धान्याची पेज होती. इस्पितळाच्या खाटेवर तिची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि उशीखाली पांढरा पाव दडवलेला होता. साखर उतरली नाही तर पायाच्या नुसत्या अंगठ्यावर निभावणार नाही, घोट्यापासून पाय काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सकाळीच बजावले होते.

"आजी, दोन घास घ्या ना. एकदम हेल्दी असतं," इस्पितळाची तरुण आहारतज्ज्ञ लाडीगोडीने म्हणाली.

"तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे मला ते. उचल."

आईने याच इस्पितळात तीस वर्षे फरशी पुसली होती. डब्यात ही पेज आणणाऱ्यांना तेव्हा कँटीनमध्ये बसू देत नसत. त्यांची जागा मागच्या दाराशी, कचऱ्याच्या पिंपांजवळ. त्या काळचे आहारतज्ज्ञ, तेही पदवीधरच, या धान्याला निकृष्ट म्हणत आणि ते खाणाऱ्यांना मंदबुद्धी. आईने पांढरा पाव धरला तो काही चवीसाठी नव्हे. त्या पावाने तिला टेबल दिले, मुलीला शाळेत शेजारी बसणारी मैत्रीण दिली आणि सावकाश हा मधुमेह दिला. पुढे शास्त्राने मत बदलले. क्षमा कोणाचीच मागितली नाही. वाटी तेवढी चिनी मातीची केली.

"मॅडम, तुम्ही तरी समजवा. तुम्ही शिकलेल्या आहात."

"हो, त्या पिंपांबद्दलही शिकले आहे. पत्रकात ती कुठं दिसत नाहीत."

आहारतज्ज्ञ गोंधळली. "ते माझ्या आधीचं असेल, मॅडम."

"पूर्वजही आधीचेच की. ते बरे घेतलेत!"

"पुरे गं," आई खेकसली. "तुझं भाषण संपेपर्यंत माझा पाय जायचा." कण्हत उठून तिने वाटी ओढली, एक चमचा तोंडात घातला. "शी! आंबवलीसुद्धा नाही मेल्यांनी." तरी दुसरा घेतला. तिसराही.

प्राध्यापिकेला हायसे वाटायला हवे होते. तिने संतापाने ते पत्रक मुठीत चुरगाळले.

आहारतज्ज्ञाने हसतमुखाने फाइल उघडली.

"काय लिहितेस?" आईने विचारले.

"तुम्ही आहार स्वीकारलात, असं."

"खोड ते. पायासाठी खाल्ला, असं लिही. स्वीकारलं मी काही नाही."

चमचा हवेत तसाच धरून ती थांबली. ओळ खोडली गेल्यावरच तिने पुढचा घास घेतला.