मनगटावरची पात

फोटो मीच काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तिसऱ्या मजल्यावरून, ग्रिलबाहेर हात काढून. अकरा वाजून सहा मिनिटं. वेळ पाठ आहे, कारण तेव्हा मी प्रत्येक फोटोखाली वेळ लिहायचे.

शांती नगरमध्ये त्या आठवड्यात दुसरं बोलणंच नव्हतं. मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज दोन-तीन व्हिडिओ यायचे. कुठल्या गावातले, कुठल्या वर्षातले, कुणी विचारत नव्हतं. मी ते सगळे शेवटपर्यंत बघायचे, आवाज बंद करून, आरोहीला थोपटत. आरोही अडीच वर्षांची. पंधरा दिवस ती झोपेतून किंचाळत उठत होती. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. मी एम.कॉम. झालेली बाई, मला ते पटायला हवं होतं.

मंगळवारी मासे घेताना मी फ्लोरिनला हे सांगितलं. फ्लोरिन पालीच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची. चार वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी नऊच्या ठोक्याला तिची टोपली आमच्या दारात. फुलाफुलांची साडी, आणि आवाज असा की लिफ्टमधूनच कळावं आज बोंबील आहेत.

"पोर भ्यालंय," ती म्हणाली. "परवा चर्चमध्ये मिळालेली झावळीची पात हाय घरी. होडीला बांधतो आमी ती. शुक्रवारी हिच्या हाताला बांधते. बघ, कशी झोपंल."

सासूबाई आत पूजा करत होत्या. दुसऱ्याच्या देवाचा धागा त्यांनी नातीच्या हाताला बांधू दिला नसता. मी आवाज खाली आणला. "वर नको गं. आई तिला अकरा वाजता समोरच्या बागेत नेतात. बाकावर डोळे मिटून जप करत बसतात. तेव्हा बांध."

"चोरून?" फ्लोरिन खळखळून हसली. "तुज्या सासूला एवडी भितेस, मंग पोर कशी न्हाय भिनार?"

शुक्रवारी नऊ वाजता टोपली आली नाही. गुड फ्रायडे होता. माझ्या लेखी ती नुसती सुट्टी, आणि मॉलमध्ये काम करणाऱ्या माझ्या नवऱ्याला, यतीनला, तर तीही नाही. त्या दिवशी फ्लोरिन मासा विकत नाही, काळे कपडे घालते, पाण्यावर राहते, हे चार वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. आज येत नाही बहुतेक, असं म्हणून मी कुकर लावला आणि पात विसरून गेले.

म्हणून खिडकीतून खाली बघितलं तेव्हा मला फ्लोरिन दिसलीच नाही. दिसली ती एक बाई. काळी साडी, डोक्यावरून काळी ओढणी, पाठ माझ्याकडे. आरोहीसमोर वाकून तिने तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्याला काहीतरी गुंडाळत होती. दोन हातांवर आई, डोळे मिटून.

हाक मारायला हवी होती. तिसऱ्या मजल्यावरून हाक ऐकू जाते. पण माझा हात फोनकडे गेला.

'ही बाई कोण??? माझ्या मुलीचा हात बांधतेय. समोरची बाग. ११.०६.'

गॅस तसाच ठेवून मी पळाले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर फोटो मोठा करून पाहिला, चेहरा दिसतोय का म्हणून. चेहरा नव्हता. हिरवी पात होती. आणि साडीखाली ती टाच, भेगांत मीठ बसून पांढरी झालेली. आठवड्यातून दोनदा माझ्या उंबऱ्यावर टेकणारी.

मी मेसेज डिलीट केला. सगळ्यांसाठी डिलीट. तिथे उभं राहून 'माझी चूक झाली, ही आपली फ्लोरिन आहे, मीच बोलावलंय' एवढं लिहायला दहा सेकंद लागले असते. पण ग्रुपवर आईही होत्या. म्हणून नुसतं पुसून टाकलं, आणि वाटलं, सुटले.

तोवर सेक्रेटरी गुणवंतकाकांनी तो फोटो त्यांच्या पाच ग्रुपवर पाठवला होता. सुट्टी होती. सगळे पुरुष घरात होते.

मी गेटबाहेर आले तेव्हा बागेत पंचवीस-तीस माणसं होती आणि आणखी येत होती. कुणी बनियनवर, कुणी अर्धी दाढी करून. डोक्यावर लख्ख ऊन. कोपऱ्यावरच्या उसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती.

पहिली थप्पड मी रस्ता ओलांडताना ऐकली. मग ओढणी खेचली गेली, मग केस. कुणीतरी हेल्मेट तिच्या तोंडावर मारलं. एकदा, आणि आवाज आवडल्यासारखं पुन्हा. फ्लोरिन गुडघ्यांवर आली. शेजारच्या विंगमधली दिव्या, जिच्याकडून मी परवाच वाटीभर साखर आणली होती, मुलाची वॉटरबॅग खांद्यावर सांभाळत तिच्या पोटात लाथ घालत होती. "और ले जा! और ले जा बच्चे!"

"सोडा तिला! छोड़ो!" मी ओरडले. "ती मासेवाली आहे! ओळखते मी तिला!"

"मच्छीवाली?" कुणी एक म्हणाला. "टोकरी किधर है फिर?"

"आज काळे कपडे कशाला?"

"बच्ची का हाथ बाँधा था, फोटो है मेरे पास!"

फ्लोरिनने मान उचलली. एक डोळा बंद झाला होता, ओठ दातांवरून फाटला होता. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा सैल पडला. आपलं माणूस आलं की पडतो तसा.

"मी हाय गो, सुरुचीबाय," ती म्हणाली. "सांग यांना. तूच बोल्लीस ना?"

एकदम शांत झालं. खरंच झालं, हे मी शपथेवर सांगेन. उगारलेले हात उगारलेलेच राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई आरोहीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. आरोही हात पसरून फ्लोरिनकडे झेपावत होती, मनगटावरून पातीचं टोक लोंबत होतं.

"सुरुची," आईंनी विचारलं, "हिला तू बोलावलंस?"

मी आईंकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "मला नाही माहीत."

बागेच्या कडेला पेव्हर ब्लॉक उखडून ठेवले होते. कामवाल्यांची सुट्टी होती. एकाने त्यातला एक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. तो खाली येताना मी पाहिला. आवाज ओल्या जमिनीवर नारळ पडावा तसा आला. मग मी तिच्या अंगावर पडले, "मीच बोलावलं, मीच, मीच," असं ओरडत. कुणाची तरी लाथ माझ्या बरगडीत बसली. "ये भी मिली हुई है!" माझा गाल तिच्या केसांत होता. केस गरम आणि चिकट होते. तिचा हात जमिनीवर बोटं उघडमीट करत होता, गाठ मारत असल्यासारखा. मग थांबला.

चरक चालूच होता.

पोलीस आले तेव्हा बागेत जमावातलं कुणी नव्हतं. फ्लोरिन दवाखान्यात दीड वाजता वारली. संध्याकाळी गुणवंतकाका वर आले. सोफ्याच्या कडेला बसून हळू आवाजात म्हणाले, "बाहेरची माणसं होती, सुरुची. आपण कुणाला ओळखत नाही. तुझा मेसेजही नाहीये आता, बरं केलंस. लहान मुलगी आहे तुला." यतीनने मान हलवली. आईंनी त्यांना चहा दिला.

आरोही त्या रात्री किंचाळली नाही. पात कुणी काढायला गेलं की हात पाठीमागे लपवायची.

मंगळवारी सकाळी नऊला बेल वाजली. नऊच्या ठोक्याला. मी दार उघडलं. बाहेर फ्लोरिनचा मुलगा डेनिस होता. सावळा, तिशीचा, काळ्या शर्टात. आत आला नाही.

"गुड फ्रायडेला आई चर्च सोडून कुठं जात न्हाय," तो म्हणाला. "सकाळी बोल्ली, शांती नगरला एका पोरीचं काम हाय, बारापर्यंत येते. तीन दिवस फिरतोय. तुमच्या बिल्डिंगीत कुणीच तिला ओळखत न्हाय. चार वर्षं मासे खाल्ले, कुणीच न्हाय. तुमी तरी सांगा. कुणी बोलावलं तिला?"

मागून आईंची पावलं वाजली. "कोण आहे गं, सुरुची?"

आरोही माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. डेनिसची नजर तिच्या मनगटावर गेली आणि तिथेच राहिली. पात सुकून पिवळी पडली होती.

"मी," मी म्हणाले. "मी बोलावलं. फोटोही मीच टाकला. तिने विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर नाही म्हणाले."

आईंनी माझा दंड धरला. "काय बोलतेस तू? शुद्धीवर आहेस का?"

डेनिस भिंतीला हात टेकून उभा राहिला. मला वाटलं मारेल. मारावं असंही वाटलं.

"पोलिसांना सांगाल?" शेवटी त्याने विचारलं.

मी आईंचा हात सोडवला, चप्पल घातली आणि आरोहीला कडेवर घेतलं. खाली गेटपाशी गुणवंतकाका पेपर वाचत उभे होते. "कुठे, सुरुची? उन्हाची?"

दिव्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तीही वाकून बघायला लागली.

"पोलीस स्टेशनला," मी मोठ्याने म्हणाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.