राखणीला गेलेला गडवा

मित्रांनो, मी एक जुना पितळेचा गडवा आहे आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. तुमच्यातले काही जण मला तांब्या म्हणतील. खुशाल म्हणा, रागाचं कारण ते नाही. भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हाही मी तक्रार केली नव्हती. आज मात्र करणार आहे.

विमलाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर तुमसरला आलो. त्यांचे पती परसराम राइस मिलमध्ये कामाला होते. कोंड्याने माखलेले घरी आले की आधी मला तोंडाला लावत आणि म्हणत, "याच्यातलं पाणी गोड लागते." पुढे स्टीलचे ग्लास आले, फ्रीज आला, आणि माझी रवानगी फळीवर झाली. तिथे मी धूळ खात पडलो. परसराम वारले त्या वर्षी विमलाबाईंनी मला खाली काढलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि पुन्हा माझ्यातूनच पाणी पिऊ लागल्या. तेवढ्यावर मी मागचं सगळं विसरलो होतो.

त्यांची एकुलती एक लेक हर्षा लॅपटॉपवर काम करते. तिला जग पाहायचं होतं, पण हॉटेलं परवडत नव्हती. तेव्हा तिने एक युक्ती शोधली. परदेशातले लोक गावाला गेले की त्यांच्या घरात फुकट राहायचं आणि बदल्यात त्यांची झाडं, मांजरं सांभाळायची. आपल्याकडे याला राखण म्हणतात, आणि राखणदाराला कुणी पर्यटक म्हणत नाही. आईला एकटी कशी ठेवायची म्हणून तिने विमलाबाईंना बरोबर घेतलं, आणि विमलाबाईंनी मला. निघताना शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं घर राखाले चालली, मंग तुयं कोन राखन वं विमला?" हर्षाने हसून कुलूप लावलं. मला हसू आलं नाही.

आम्ही मेक्सिको देशात ग्वानाहुआतो नावाच्या डोंगरातल्या गावी पोचलो. घर एलेनाबाईंचं होतं. त्या आपल्या मुलाकडे गेल्या आणि आम्ही त्यांच्या मांजराचे चाकर झालो. सुट्टीच्या दिवशी हर्षा आईला घेऊन आसपासची जुनी गावं पाही. मी पिशवीत, तहान लागली की बाहेर. स्पेनच्या राज्यकर्त्यांनी वसवलेली ती गावं. रंगीत भिंती, दगडी रस्ते, सोन्याने मढवलेली चर्चं. हे वैभव डोंगरातली चांदी उपसून उभं राहिलं होतं, आणि उपसणारे कुठे गेले ते कुणी सांगत नव्हतं.

"आपल्या नाकाडोंगरीच्या खाणीतलं मँगनीज बी असंच जाते ना वं, गाड्या भरभरून," विमलाबाई म्हणाल्या. "आपल्यापाशी राहिले काय, तर गड्डे."

"आई, तू फोटोत उभी राह्य," हर्षा म्हणाली.

मग ती आम्हाला मेक्सिको सिटीला, त्यांच्या राजधानीला घेऊन गेली. तिथे एका उंच इमारतीकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्यापुढचं घर हे. एलेनाबाईनं आपल्याबद्दल चांगलं लिहिलं तरच भेटते. नाही तर परत तुमसर." तिचा जीव त्या घरात अडकला होता. एलेनाबाईंच्या एका शब्दावर सगळं येऊन ठेपलं होतं.

आणि तिथेच घोळ झाला. एलेनाबाईंच्या बैठकीत तांब्याची एक मोठी परात होती, वर हिरवाकाळा थर चढलेली. दुसऱ्याचं घर परत करताना घेतलं त्याहून साजरं करून द्यावं, ही विमलाबाईंची रीत. तिथल्या बाजारात चिंच मिळतेच. त्यांनी ती परात चिंच-मिठाने घासून आरशासारखी केली.

एलेनाबाई आल्या आणि परात पाहून खुर्चीत बसल्या. तो थर म्हणजे त्यांच्या पणजीपासूनचा रंग होता. त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला होता.

"आई, कायले हात लावला तू?" हर्षा ओरडली.

"मळली होती बापा," विमलाबाई एवढंच म्हणाल्या.

हर्षा तरातरा स्वयंपाकघरात गेली, मला उचललं आणि परातीची भरपाई म्हणून एलेनाबाईंच्या हातात ठेवलं. आईला एका शब्दाने विचारलं नाही. एलेनाबाईंनी माझ्या काठाखालच्या कोरीव अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हे काय आहे, असं विचारलं. हर्षा म्हणाली, हा भारतातला फार प्राचीन मंत्र आहे, याने घराचं रक्षण होतं.

एलेनाबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी मला छातीशी धरलं.

"काय सांगतलं वं तिले?" विमलाबाईंनी विचारलं.

"तुयं नाव सांगतलं, आई."

"मंग राहू दे," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने मला एकदा पुसलं आणि बॅग भरायला गेल्या.

हर्षाला मोठ्या शहरातलं घर मिळालं. मी इथे कोनाड्यात आहे. मला घासायला मनाई आहे, त्यामुळे रोज थोडा काळा पडतो. पाहुणे आले की एलेनाबाई दबक्या आवाजात मंत्राची गोष्ट सांगतात आणि माणसं माझ्यापुढे हात जोडतात. माझा संताप होतो, पण भांड्याचं कोण ऐकतो?

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू कुणाला द्यायची तर जरूर द्या. पण ती ज्याची आहे त्याला आधी विचारा, आणि देताना खरं सांगा. माझ्या अंगावर मंत्र नाही. "विमला हिस भाऊ केवळराम याजकडून, कोंढा" एवढंच आहे. कोंढा म्हणजे विमलाबाईंचं माहेर; तिथे केवळरामने दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मजुरीने धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून मला बहिणीसाठी विकत घेतलं होतं.

आणि विमलाबाई तिकडून पुष्पाबाईंना फोनवर सांगत असतील, "तिथं लोक माह्यं नाव वाचतेत वं."