फाटकावरची झडती

काम सुटल्यावर मनकर्णा शेडच्या फाटकापाशी थांबली. पिशवी उलटी करून तिने आतला रिकामा डबा दाखवला, मग पदर झटकला. झडती घेणारा चिंधू ओशाळून मालकाकडे, भैय्याजींकडे बघू लागला. आजपासून झडती बंद, असं त्यांनी त्याला दुपारीच बजावलं होतं.

दुपारी पांढुर्ण्याच्या त्या शेडमध्ये केवढा थाट होता. संत्र्यांची छाटणी, म्हणजे प्रतवारी, करणाऱ्या बायांना भैय्याजींनी कधी नव्हे ते खुर्च्यांवर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की या बहारापासून शेड एकट्या मालकाचं नाही. माल कुठून घ्यायचा, कुठे पाठवायचा हे मिळून ठरवायचं. नफा सगळ्यांचा, आणि त्यातला एक वाटा गावोगावच्या विहिरींसाठी मागे ठेवायचा, कारण बागाच वाळल्या तर छाटायचं काय? बाया खुर्च्यांच्या कडेला टेकून ऐकत होत्या. ऐकून झालं तशा सगळ्या मनकर्णाकडे वळल्या. ती हो म्हणाली तर सगळ्या हो म्हणणार होत्या, आणि ती नाही म्हणाली तर खेळ तिथेच खलास.

"पाहू," एवढंच ती म्हणाली.

त्या 'पाहू'चं मूळ भैय्याजींना पक्कं ठाऊक होतं. गेल्या मोसमात रामाकोन्याहून तिचा जावई तिला घ्यायला आला होता. त्याच्यादेखत त्यांनी तिची पिशवी स्वतःच्या हाताने चाचपली होती. अव्वल मालाचा क्रेट रोज उणा भरायचा, आणि एकदा संशयाने घेरलं की मालकाला नातंगोतं दिसत नाही. पिशवीत निघाला तो भाजीचा रिकामा डबा. जावयाने मान दुसरीकडे वळवली. मनकर्णाने पिशवीची नीट घडी केली आणि काखेत धरली. त्या दिवसापासून भैय्याजींना घास गोड लागत नव्हता. माफी ओठांपर्यंत यायची आणि परत फिरायची. ही भागीदारी त्या लाजेतूनच सुचली होती, पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मनकर्णामागे सुशीला थांबली, तिच्यामागे देवकाबाई. एकेकीने पिशवी उलटी केली, पदर झटकला. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अंगवळणी पडलेलं काम त्या करत होत्या, आणि तेच भैय्याजींना जास्त लागलं.

"नका न करू आता, मनकर्णाबाई," ते म्हणाले. "शेड तुमचं बी हाय."

"म्हनूनच त देऊन राहिलो झडती," ती म्हणाली. "सगळ्याइनं देल्ली की कोनी कोनाले बोलत नाई."

भैय्याजींच्या हातात कापडी पिशवी होती. छाटून झालेल्या ढिगातली सगळ्यात देखणी संत्री ते रोज घरी नेत. बायको ती शेजारीपाजारी वाटायची, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीपुढेही त्यातलीच जायची. मालकाच्या पिशवीला कोण हात लावणार? ती संत्री कुठल्याच क्रेटच्या हिशेबात धरली जात नव्हती, खुद्द त्यांच्या मनातसुद्धा. आज पहिल्यांदाच त्या पिशवीचा भार मनगटाला जाणवला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ते फाटकावर शोधत होते, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ स्कूटरच्या हुकाला अडकवून रोज घरी नेत होते.

मागच्या दाराने निघून जाता आलं असतं. स्कूटर तिकडेच उभी होती. भैय्याजी देवकाबाईच्या मागे जाऊन उभे राहिले.

पाळी आल्यावर त्यांनी पिशवी चिंधूच्या स्टुलावर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं. चिंधूने हात मागे घेतले. फाटकाबाहेर गेलेली मनकर्णा परत आली आणि पिशवीत वाकून बघत राहिली. संत्री तिने ओळखली असणार, सकाळी तिच्याच हातून छाटली गेली होती. भैय्याजींना मान वर करवेना.

एकही संत्रं तिने बाहेर काढलं नाही. पिशवीचे बंद जुळवले आणि ती त्यांच्या हातात परत दिली.

"उद्यापासून आमाले इचारून नेत जा," ती म्हणाली.